वाचक विचारतात : घरच्या घरी मोटर भरताना

या वेळी सगळे प्रश्न मोटरींबद्दलचे घेतले आहेत. मोटर भरणं म्हणजे तिच्या आत तारेच्या कॉईली नव्याने गुंडाळून बसवणं. काही शेतकऱ्यांचे, काही विद्यार्थ्यांचे, दोन-तीन घरी छोटं वर्कशॉप असलेल्यांचे. एक सूचना सगळ्यांसाठी आधीच : टेबलाला ज्या बोर्डावरून वीज घेता, तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असलाच पाहिजे. मोटरची बॉडीही अर्थ केलेली हवी. ही सोय नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नका.

प्रश्न : विहिरीवरची १ एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर जळाली. नवी बसवली, जुनी पडून आहे. ती स्वतः भरून बघायची आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ता. करवीर

सुरुवात वहीपासून करा. जळालेली असली तरी त्या मोटरमध्ये तिचा पूर्ण हिशेब शाबूत आहे, आणि छिन्नीचा पहिला घाव बसला की तो कायमचा जातो. आधी नेमप्लेट उतरवून घ्या : व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड. मग स्लॉट, म्हणजे लोखंडी गाभ्यातल्या तार बसवायच्या खाचा, मोजा. एका स्लॉटला खुणेचा पंच मारा, तो स्लॉट नंबर एक.

२८८० आरपीएमच्या मोटरला दोन पोल (चुंबकीय टोकं) असतात. स्लॉट २४ असतील तर एका पोलच्या वाट्याला १२ येतात. रनिंगच्या, म्हणजे मोटर चालती ठेवणाऱ्या, कॉईली एकात एक बसवलेल्या दिसतील : १ ते १२, २ ते ११, ३ ते १०, ४ ते ९ अशा धर्तीवर. यातली प्रत्येक कॉईल वेगळी मोजायची, कारण वेढे सारखे नसतात. बाहेरच्या मोठ्या कॉईलीत जास्त, आतल्या लहान कॉईलीत कमी. सगळ्यांत सरासरी वेढे घालून भरलेली मोटर फिरते, पण घुमते आणि तापते. स्टार्टिंगच्या, म्हणजे मोटर सुरू करणाऱ्या, कॉईली बारीक तारेच्या असतात, रनिंगच्या वर बसतात आणि ९० विद्युत अंश सरकवलेल्या असतात. २४ स्लॉट आणि दोन पोल असले की हे अंतर बरोबर सहा स्लॉटचं होतं. कुठल्या कॉईलीचं टोक कुठे जोडलं आहे याचं चित्र काढा, चारही बाजूंनी फोटो घ्या, आणि बाहेर आलेल्या तारांच्या गुंडाळ्याची गाभ्यापासूनची उंची मोजून ठेवा.

तार काढायला स्टेटर (कॉईली असलेला, न फिरणारा भाग) जाळात घालण्याची पद्धत अजून दिसते. कृपा करून ती सोडा. गाभ्याच्या पत्र्यांमध्ये इन्सुलेशनचा पातळ थर असतो. तापमान ३५० अंशांच्या वर गेलं की तो उडायला लागतो, पत्रे एकमेकांना लागतात, गाभ्यातच प्रवाह फिरतो. मग वायंडिंग कितीही सुबक भरा, मोटर रिकामी चालतानाही गरम होणार. त्याऐवजी एका बाजूचं गुंडाळं गाभ्याला लागून धारदार छिन्नीने सपाट कापा, हॉट एअर गनने वॉर्निश मऊ करा आणि दुसऱ्या बाजूने पकडीने ओढून काढा. कापलेल्या टोकांवर वेढे मोजणं सोपं जातं : दहा-दहाचे गट करा, दोन पोलच्या जोडीदार कॉईली ताडून बघा. तारेचा गेज (जाडीचा नंबर) मोजताना टोक जाळून एनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) पुसा आणि मगच मायक्रोमीटर लावा. एनॅमलसकट मोजलं तर गेज एका नंबरने चुकतो. तार खरवडूनही बघा. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची आहे. तिच्या जागी तांबं घालताना व्यास साधारण ०.७८ पट पुरतो.

स्लॉट ब्रशने साफ करा, कडा बोटाने तपासा, कुठे कुस आलेली असेल तर बारीक कानस फिरवा. पॉलिस्टर फिल्म चिकटवलेला ०.२५ मिमीचा स्लॉट पेपर घ्या आणि तो गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ५-६ मिमी बाहेर ठेवा. नवशिक्याची मोटर बहुतेक वेळा याच काठावर बॉडीला लागते, कारण तार वळवताना पेपर आत सरकतो. काठ दुमडून घेतला तर सरकत नाही. कॉईलीचा फर्मा (गुंडाळायचा साचा) करण्यापूर्वी एकाच तारेची चौकट वळवून स्लॉटमध्ये बसवून बघा. फर्मा मोठा झाला तर गुंडाळं झाकणाला घासेल, लहान झाला तर शेवटची कॉईल बसणारच नाही. स्लॉट भरला की पेपरची टोकं दुमडून बांबूची पाचर सारायची, आणि रनिंग-स्टार्टिंगच्या मध्ये पेपर ठेवायचा. सांधे खरवडून, पीळ देऊन, झाळून त्यावर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा. पीव्हीसीची चिकटपट्टी आत वापरू नका, ती उष्णतेने ओघळते.

दोन पोलची जोडणी टोकाला टोक, म्हणजे पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या शेवटाला. ती बरोबर आहे का हे बघायला रनिंगच्या दोन टोकांना १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा आणि आत होकायंत्र फिरवा. समोरासमोर उत्तर आणि दक्षिण आलं पाहिजे. दोन्हीकडे सुईचं तेच टोक गाभ्याकडे ओढलं जात असेल तर एका पोलची टोकं उलटी झाली आहेत.

सिरीज दिव्याबद्दल, म्हणजे वायंडिंगच्या वाटेत दिवा जोडून तपासण्याबद्दल, एक गैरसमज पक्का बसलेला आहे. १ एचपीच्या वायंडिंगमधून १०० किंवा २०० वॉटचा दिवा तसाही जवळजवळ पूर्ण पेटतो, त्यामुळे आतले वेढे शॉर्ट आहेत का हे त्यावरून कळत नाही. बॉडीला थेट लागलेली तार तो दाखवतो, पण थोडी गळती असेल तर तीही दाखवत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगरच (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) हवा. नव्या कोरड्या वायंडिंगला १०० मेगाओहमच्या वर आकडा यायला हरकत नाही. ५ च्या खाली असेल तर वीज देऊ नका.

मेगर पास झाला की वॉर्निश. स्टेटर १०० ते ११० अंशांवर दोन-तीन तास ठेवून ओल घालवा, हाताला सोसेल इतका निवला की बेकिंग वॉर्निशमध्ये बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग अर्धा तास उघड्यावर निथळू द्या. ही पायरी घाईत उरकायची नाही. थिनरची वाफ भाजायच्या बंद पेटीत साठली आणि आत तापलेला दिवा असला तर पेट घेते. डब्यावर लिहिलेल्या तापमानाला आणि तासांना भाजा. घरच्या जेवणाचा ओव्हन यासाठी कधीही वापरू नका. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की हवेवर सुकणारं वॉर्निश आतून दिवसेंदिवस चिकट राहतं. त्या काळात काम काढलं असेल तर बेकिंगचंच घ्या.

आणि रोटर (फिरणारा भाग) आत घातल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज देऊ नका. नुसता स्टेटर भलताच प्रवाह ओढतो आणि तुमची महिन्याची मेहनत अर्ध्या मिनिटात काळी होते.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची मोटर केली. कॉईल फिरत नाही, नुसती हलते आणि थांबते. काय चुकलं?
— एक विद्यार्थिनी, इयत्ता नववी, कोल्हापूर

तू बहुतेक तारेची दोन्ही टोकं पूर्ण खरवडली आहेस. मग प्रवाह सतत वाहतो. पहिल्या अर्ध्या फेरीत चुंबक कॉईलीला पुढे ढकलतो आणि पुढच्या अर्ध्या फेरीत मागे. कॉईल पाळण्यासारखी झुलते ती म्हणूनच. एक टोक पूर्ण खरवड. दुसरं टोक खरवडताना कॉईल उभी धर, टोक टेबलाच्या काठावर ठेव आणि फक्त वरची अर्धी बाजू पॉलिश पेपरने घास. आता अर्धी फेरी जोर लागेल, उरलेली अर्धी कॉईल आपल्या वेगाने पार करेल.

तार २४ गेजची घे, टॉर्चच्या मोठ्या सेलभोवती १० ते १२ वेढे दे. दोन्ही टोकं एका सरळ रेषेत आणि कॉईलीच्या बरोबर मध्यातून निघाली पाहिजेत. आधाराला दोन सेफ्टी पिना चालतात. चुंबक कॉईलीच्या खाली तीन-चार मिमीवर ठेव. या तारेचा रोध एक ओहमच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. कॉईल थांबली की सेल जवळजवळ शॉर्टच होतो आणि तापतो. न फिरणारी कॉईल सेलवर ठेवून फलक लिहायला जाऊ नकोस.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात भंगारात १ एचपीची थ्री फेज मोटर मिळाली. घरी छोट्या लेथला लावायची आहे, पण घरी सिंगल फेज आहे. सिंगल फेजची करून भरावी का?
— एक वाचक, राजारामपुरी

भरू नका. चांगली थ्री फेज मोटर मोडून सिंगल फेजची केली तर त्याच लोखंडात ताकद घटते आणि कपॅसिटरची कटकट मागे लागते. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह बसवा, वेगही हवा तसा मिळेल.

अडचण एकच. असा ड्राइव्ह २३० व्होल्टचे तीन फेज देतो आणि तुमच्या मोटरवर ४१५ व्होल्ट स्टार लिहिलेलं असेल. पण स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही फेजची शेवटची टोकं एकत्र बांधलेली असताना, प्रत्येक फेजच्या वायंडिंगवर २४० व्होल्टच पडतात. म्हणजे तीच मोटर डेल्टा केली (एका फेजचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला जोडला) की २३० ला चपखल बसते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा असतील तर पट्ट्या बदलल्या की काम झालं. तीनच असतील तर स्टारचा सांधा आत, गुंडाळ्यात बांधलेला आहे. झाकण उघडा, लीड येतात त्या बाजूला बघा. एका जाडसर स्लीव्हखाली तीन टोकं एकत्र झाळलेली सापडतील. त्या भागावर हॉट एअर गन धरून वॉर्निश मऊ करा, दोरी कापा, सांधा सोडवा. तिथे जोर लावून तार उपसू नका, जुनं एनॅमल तडकतं. सुटलेल्या तीन टोकांना तीन नव्या लवचिक तारा झाळून बाहेर आणा. बाहेरच्या जुन्या तीन तारा म्हणजे सुरुवाती, आतून आणलेल्या तीन म्हणजे शेवट. मल्टिमीटरने जोड्या लावा. मग पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, तिसऱ्याचा पहिल्याच्या.

सहा तारांवरच्या खुणा पुसल्या असतील तर काट्याचा मीटर आणि दीड व्होल्टचा सेल लागेल. एका फेजच्या सुरुवातीला सेलचा धन, शेवटाला ऋण. दुसऱ्या फेजच्या सुरुवातीला मीटरचा धन. सेल टेकवताक्षणी काटा मागे गेला तर तुमची खूण बरोबर. तिसऱ्या फेजवरही मागेच गेला पाहिजे. पुढे गेला तर त्या फेजची टोकं अदलाबदल करा.

प्लेटवर स्टारचा प्रवाह १.८ अँपिअर असेल तर डेल्टात तो १.७३ पट, म्हणजे ३.१ होईल. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये हा नवा आकडा टाका, नाहीतर तो उगाच ट्रिप होत राहील. २५ हर्ट्झच्या खाली पूर्ण लोडवर फार वेळ चालवू नका, शाफ्टवरचा पंखा तेव्हा वाराच घालत नाही. ड्राइव्ह बंद केल्यावर आतले कपॅसिटर भरलेलेच असतात, दहा मिनिटं थांबून मगच हात घाला. ड्राइव्ह नको असेल तर डेल्टा मोटर एका रनिंग कपॅसिटरवरही चालते. दर किलोवॉटला सुमारे ७० मायक्रोफॅरड धरा. ताकद साधारण दोन तृतीयांश मिळते आणि सुरुवातीचा जोर अगदीच कमी, त्यामुळे लेथपेक्षा ग्राइंडरला बरी.

प्रश्न : माझ्याकडे तार काढून टाकलेला रिकामा स्टेटर आहे, नेमप्लेट नाही. वेढे किती घालायचे हे गणिताने काढता येतं का? शिवाय ४ पोलच्या गाभ्यावर २ पोल भरून वेग दुप्पट केला तर एचपी वाढेल का?
— अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी, गोकुळ शिरगाव

काढता येतं, आणि असा हिशेब एकदा हाताने केल्याशिवाय प्रयोगाची मोटर भरू नये. तुमच्या स्टेटरचा आतला व्यास ८० मिमी, लांबी ७० मिमी, स्लॉट २४ असं धरून चालू. ४ पोल, दर फेजला २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

आतला परीघ २५१ मिमी. चार पोलमध्ये वाटला की एका पोलला ६२.८ मिमी, गुणिले ७० म्हणजे ४,४०० चौरस मिमी, म्हणजेच ०.००४४ चौरस मीटर. लहान मोटरच्या हवेच्या फटीत (स्टेटर आणि रोटरच्या मधल्या) सरासरी ०.४५ टेस्ला धरणं सुरक्षित. एका पोलचा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) झाला ०.००१९८ वेबर. आता व्होल्टेजचं सूत्र : ४.४४ गुणिले वारंवारिता, गुणिले वेढे, गुणिले फ्लक्स, गुणिले वायंडिंग फॅक्टर (वेढे वेगवेगळ्या स्लॉटांत पसरल्याने होणारी घट). २४ स्लॉट आणि ४ पोल म्हणजे एका पोलला एका फेजचे दोन स्लॉट, त्याचा फॅक्टर ०.९६६. तारेतली घट सोडून २२८ व्होल्ट उरतात. २२८ भागिले ०.४२५, उत्तर ५३७ वेढे दर फेजला. एका फेजकडे ८ स्लॉट, एकेरी थरात ४ कॉईली, म्हणून एका कॉईलीला १३४ वेढे. कॉईली १ ते ८ आणि २ ते ७ अशा एकात एक बसवा.

इथे थांबू नका, लोखंड तपासा. स्लॉटची पुनरावृत्ती दर १०.५ मिमीला आहे. दात ५ मिमी रुंद असेल तर त्यातला फ्लक्स फटीतल्या शिखराच्या, म्हणजे ०.७ टेस्लाच्या, दुपटीहून जरा जास्त, दीड टेस्लाच्या आसपास भरतो. तो चालतो. दात ४ मिमीचा असता तर १.८ च्या वर गेला असता आणि वेढे वाढवावे लागले असते. स्लॉटच्या मागची लोखंडी कडा अर्ध्या पोलचा फ्लक्स वाहते. १.४ टेस्लाची मर्यादा पाळायची तर ती किमान ११ मिमी हवी. हे माप व्हर्नियरने घ्या, डोळ्याने नाही.

तार किती जाड? स्लॉट ९० चौरस मिमीचा असेल तर घरी हाताने भरताना त्यातला ३५ ते ४० टक्के भागच शुद्ध तांब्याने भरतो, बाकी पेपर, एनॅमल, पाचर आणि हवा. २४ गेजचं क्षेत्रफळ ०.२४५ चौरस मिमी, १३४ वेढ्यांना ३३ लागतात, म्हणजे ३६ टक्के. २३ गेजने ४३ टक्के होतात. सवयीचा कारागीर ते बसवेल, पहिल्यांदाच भरणाऱ्याच्या हातून एनॅमल खरचटेल. २४ घ्या. प्रवाहाची घनता चौरस मिमीला ६ अँपिअरपर्यंत ठेवा, म्हणजे दर फेजला दीड अँपिअर.

भरून झाल्यावर तिन्ही फेजचा रोध मोजा. फरक दोन-तीन टक्क्यांहून जास्त असेल तर वेढे चुकले आहेत किंवा सांधा कच्चा आहे. मग मोटर रिकामी चालवून व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी चढवा : निम्मं, पाऊण, पूर्ण. ड्राइव्ह असेल तर डेल्टा जोडून ५० हर्ट्झचा व्होल्टेज सेटिंगमध्ये कमी ठेवता येतो. व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह वाढत गेला तर ठीक. पाऊणपासून पूर्णपर्यंत जाताना प्रवाह एकदम उसळला तर लोखंड संपृक्त होतं आहे, म्हणजे आणखी फ्लक्स पेलत नाही, वेढे कमी पडले. दहा टक्के वाढवून पुन्हा भरावं लागेल. कंटाळा येतो, पण याच फेरीत मोटर खरी कळते.

एचपीचं उत्तर मात्र निराश करणारं आहे. २ पोल केले की एका पोलचा पसारा दुप्पट होतो आणि मागच्या कडेतून दुप्पट फ्लक्स जायला बघतो. ती कडा ४ पोलच्या मापाने कापलेली असते. म्हणून फटीतला फ्लक्स निम्म्यावर आणावा लागतो. मग जोर निम्मा, वेग दुप्पट, एचपी होती तेवढीच. उलट २ पोलच्या गाभ्यावर ४ पोल भरले तर कडेला अडचण नसते. वेढे जवळपास दुप्पट आणि तारेचं क्षेत्रफळ निम्मं घालायचं. जोर तेवढाच राहतो, वेग निम्मा होतो, म्हणून एचपीही निम्मी. मंद चालणारा पंखा किंवा मिक्सिंगचं यंत्र करायचं असेल तर हा दुसरा प्रयोग करण्यासारखा आहे. पहिला करू नका.

प्रश्न : २२ गेजची तार दुकानात मिळत नाही. तीन नंबर बारीक तार दुहेरी घेतली तर चालते असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, कागल

तीन नंबरांचा नियम अमेरिकन गेजचा आहे. आपल्याकडे एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) चालतो, त्यात तो कधी जमतो कधी नाही. तुमच्या बाबतीत जमतो : २२ गेज ०.३९७ चौरस मिमी, २५ गेजच्या दोन तारा ०.४०६. पण २० गेजऐवजी दोन २३ घेतल्या तर ०.६५६ ऐवजी ०.५८४ मिळतात, अकरा टक्के तांबं कमी, आणि तेवढी मोटर जास्त तापणार. २४ ऐवजी दोन २७ घेतल्या तर उलट अकरा टक्के जास्त होतं आणि स्लॉट भरेनासा होतो. नंबरावर विसंबू नका, व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ करून क्षेत्रफळच जुळवा. दोन्ही तारा दोन रिळांवरून एकाच वेळी, सारख्या ताणाने गुंडाळा. मोजताना जोडी म्हणजे एक वेढा.

प्रश्न : १२ दातांच्या छोट्या स्टेटरवर १४ निओडिमियम चुंबकांची ब्रशलेस मोटर केली. कंट्रोलर लावला की थरथरते, फिरत नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

बहुतेक क्रम चुकला आहे. १२ दात आणि १४ चुंबकांना अ-ब-क अ-ब-क (अ, ब, क म्हणजे तीन फेज) असा साधा क्रम चालत नाही. तो १२ दात आणि ८ किंवा १६ चुंबकांचा आहे. तुमचा क्रम पहिल्या दातापासून असा : अ सुलट, अ उलट, ब उलट, ब सुलट, क सुलट, क उलट, अ उलट, अ सुलट, ब सुलट, ब उलट, क उलट, क सुलट. सुलट म्हणजे दाताकडे समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने. कागदावर बारा दातांचं चक्र काढून प्रत्येकावर बाण काढा आणि गुंडाळताना एकेक खोडत जा.

दुसरा संशय चुंबकांवर. एक जरी उलटा चिकटला असेल तर असंच होतं. एक सुटा चुंबक हातात धरून चौदाही चुंबकांवरून न्या. ओढ, ढकल, ओढ, ढकल असं आलं पाहिजे. बाहेरची कडी साध्या पोलादाची हवी, ॲल्युमिनियमची चालत नाही. कडीला बाहेरून टाचणी घट्ट चिकटत असेल तर कडी पातळ आहे आणि फ्लक्स बाहेर सांडतो आहे. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर जोर गमावतात आणि थंड झाल्यावर तो परत येत नाही.

कंट्रोलर लावण्याआधी मोटर ड्रिलने फिरवा आणि तीन तारांच्या तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. समजा १००० आरपीएमला २ व्होल्ट आले. २ ला १.४१४ ने गुणून १००० ला भागा : दर व्होल्टला सुमारे ३५३ आरपीएम. वेढे दीडपट केले की हा आकडा दीडपटीने उतरतो. स्टारची डेल्टा केली की १.७३ पट चढतो. एकदा हे मोजलं की पुढची मोटर अंदाजाने भरावी लागत नाही.

प्रश्न : कांदा-लसूण मसाला वाटताना मिक्सरमधून ठिणग्या येतात, जळका वास येतो. आर्मेचर घरी भरता येईल का?
— एक वाचक, कसबा बावडा

आर्मेचर (मिक्सरच्या मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. मिक्सर रिकामा असताना १८,००० आरपीएमच्या घरात फिरतो. तोल थोडा जरी गेला तरी बेअरिंग जातं, आणि तार सुटली तर चिंधड्या होतात. आधी कार्बन ब्रश बघा. ५-६ मिमी उरले असतील तर जोडी बदला. कॉम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या) पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आला असेल तर तो अर्धा मिमी खोल कोरा, मग झिरो पेपरने साफ करा. तरीही ठिणगी गोल फिरत असेल तर ग्राऊलरवर (आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर) आर्मेचर ठेवून वर हॅकसॉची पाती धरा. शॉर्ट असलेल्या स्लॉटवर पाती थरथरते. तशी थरथरली तर आर्मेचर बदलणंच स्वस्त. सुका मसाला जड असतो, थोडा थोडा घाला आणि प्लेटवर लिहिलेला चालू-बंदचा वेळ पाळा.

प्रश्न : नदीकाठची ३ एचपीची मोटर पुरात दोन दिवस बुडाली. ती भरावीच लागेल का?
— एक वाचक, ता. शिरोळ

नुसती बुडालेली मोटर बहुतेकदा वाचते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारख्या वेळी मोटरी जळतात त्या पाण्याने कमी, आणि पाणी ओसरल्यावर 'चालते का बघू' म्हणून खटका दाबल्याने जास्त. खोला, रोटर काढा, गाळ स्वच्छ पाण्याने ब्रश न घासता धुऊन काढा. गाळ सुकल्यावर तो दगडासारखा बसतो आणि पुन्हा ओल धरतो, म्हणून ओला असतानाच धुवा. स्टेटर उभा करून आत १०० वॉटचा दिवा लटकवा. दिवा वायंडिंगला टेकता कामा नये. वर पत्र्याचा डबा पालथा घाला, वाफ जायला वरच्या बाजूला दोन भोकं ठेवा. गाभा ७० ते ८० अंशांवर राहिला पाहिजे.

दर सहा तासांनी दिवा बंद करून मेगर घ्या आणि आकडा वेळेसकट लिहा. सुरुवातीला आकडा वाढण्याऐवजी घसरेल. घाबरू नका, आतली ओल गरम होऊन पसरते तेव्हा असंच होतं. मग तो चढायला लागेल आणि एका ठिकाणी स्थिरावेल. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला आणि तो ५ मेगाओहमच्या बराच वर असेल तर ओल गेली. वॉर्निशचा एक हात देऊन भाजा. दोन-तीन दिवसांनंतरही आकडा १ च्या खाली अडकला असेल तर तिन्ही फेज सुटे करून वेगवेगळे मोजा. एकच फेज वाईट असेल तरी एकेरी कॉईल बदलण्याच्या भानगडीत पडू नका, शेजारची तार उचकटताना तिचं एनॅमलही जातं. पूर्ण भरा. भरण्याआधी जळक्या खुणाही बघा. स्टार मोटरमध्ये दोन फेज काळे आणि एक ताजा, किंवा डेल्टात एकच काळा आणि दोन ताजे दिसले तर ती पुरात गेलेली नाही, आधी कधीतरी एक फेज गेलेला असताना चालत राहिली आहे. तशी असेल तर स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं साधन) बसवल्याशिवाय भरलेली मोटर परत लावू नका. बेअरिंगं मात्र दोन्ही बदलाच, ती धुऊन ग्रीस भरली तरी महिन्याभरात आवाज करतात.